उपकेंद्राच्या भिंतीवरची बाई

"हे काय, फुलकोबी आहे का?" मी विचारलं.

बनसोडे सिस्टरनी टेबलावर पसरलेल्या कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार औषधाच्या बाटल्या ठेवल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतल्या बाईंची आठवण झाली.

"पेंटर, हे स्तन आहे. आतून कसं असतं ते. सोमवारपासून स्तनपान सप्ताह आहे. बाहेरच्या भिंतीवर काढायचं, सहा फूट बाय चार फूट."

माझे कान तापले. मी आधी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं.

"बाहेरच्या?"

"आतल्या भिंतीला ओल आहे, रंग धरत नाही, असं मागं तुम्हीच म्हणाला होता."

म्हणालो होतो खरं. आमच्या खडकेवाडीच्या उपकेंद्राची बाहेरची भिंत म्हणजे एस.टी. थांब्याच्या बरोबर समोर. तिथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावातले सगळे रिकामे पुरुष बसलेले. तोवर बारा वर्षं मी ब्रश धरला होता. मारुती काढले, ट्रॅक्टर काढले, शाळेच्या व्हरांड्यात पाढे लिहिले, दारूबंदीची पाटी लिहिली आणि ती लिहून घेणारा प्यायलेला होता. पण असलं काही कधी काढलं नव्हतं. काढायचं सोडा, हा शब्द मी आयुष्यात कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

"दुसरा पेंटर बघा ना सिस्टर."

"पंचक्रोशीत दुसरा आहे का?" त्या म्हणाल्या. "आणि मुकुंदराव, तुम्हाला तर याची गरजच आहे. बाळ कसं आहे?"



बाळ नऊ दिवसांचं होतं आणि रोज सुकत चाललं होतं. जन्मलं तेव्हा दोन किलो आठशे भरलं होतं. आदल्या दिवशी सिस्टरनी झोळीचा काटा लावला, तर दोन किलो चारशे. माझ्या बायकोची, वैजूची, आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ती आमच्याकडेच होती, आणि आमच्याकडे राज्य माझ्या आईचं. वैजूचं दूध पाणचट आहे आणि पुरत नाही, असा निकाल आईनं तिसऱ्याच दिवशी दिला होता. पहिल्या दिवसाचा पिवळा चीक तर तिनं पिळून टाकायला लावला होता. गाईच्या चिकाचा खरवस मात्र ती शेजारणीशी भांडून आणते. तर मग गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून बोंडल्यानं पाजणं सुरू झालं, आणि पोराला ढाळ लागले. सिस्टर दोनदा घरी समजवायला आल्या. दुसऱ्या वेळी आईनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"तुजं लगीन झालंय का गं?"

"नाही."

"प्वार हाय का?"

"नाही, पण शिकलेय मी—"

"मग जा, आदी ते कर आन मग ये मला शिकवाया."

सिस्टर चोवीस वर्षांच्या होत्या. बिचाऱ्या परत गेल्या. पण मला मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की बुधवारी पुन्हा काटा लावणार आणि वजन आणखी उतरलं तर पोराला उचलून जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं, एक तास थांबायचं नाही.

"काढतो," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी भिंतीला पांढरा हात मारला आणि पुढं ताडपत्री बांधली. कारण सांगितलं पावसाचं. आमच्या तालुक्यात श्रावणातही पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो, पण लोकांनी ऐकून घेतलं. थांब्यावरच्या लोकांनी आत महादेव चाललाय असं आपसांत ठरवून टाकलं. एकानं तर ताडपत्रीला हात जोडले. मी काय बोलणार?

मी कागदावर चौकोन पाडले, भिंतीवर दोरीनं तसेच मोठे चौकोन मारले आणि एकेक चौकोन उतरवायला लागलो. सिस्टर मधूनमधून ताडपत्रीत डोकं घालून तपासून जायच्या.

"हे द्राक्षाचे घड कसले?"

"त्या दुधाच्या पिशव्या. बारक्या बारक्या. रक्तातून जे हवं ते घेऊन तिथं दूध बनतं."

"आणि ही मुळं?"

"नळ्या. घडातून निघून सगळ्या पुढं बोंडाकडे येतात. पेंटर, त्या एवढ्या जाड नको. तुम्ही पाइपलाइन काढलीय."

मी बारीक केल्या. मग मला हळूहळू त्या कामाची गोडी लागली, खोटं कशाला बोलू. जी गोष्ट मला लाजेची वाटत होती, तिच्यात आत एवढी कारागिरी! प्रत्येक घडाभोवती बारीक तंतूंची जाळी. ती आवळली की दूध नळीत ढकललं जातं.

"आणि ती आवळायची कधी, ते कोण सांगतं?" मी विचारलं.

"मेंदू. बाळानं ओढलं की इथून निरोप वर जातो. मेंदू दोन हुकूम सोडतो. एक, दूध बनवा. दुसरा, दूध सोडा. जितकं ओढेल तितकं बनतं."

"आणि ओढलंच नाही तर?"

"तर मेंदू म्हणतो, इथं कोणाला नकोय, काम बंद करा." "बोंडल्यानं पोट भरलं, तर बाळ कशाला ओढेल? ओढत नाही म्हणून बनत नाही, बनत नाही म्हणून बोंडलं. तुमच्या घरी हेच चाललंय. त्यात तुमची वैजू दिवसभर घाबरलेली. बाई धास्तावलेली असली, की बनलेलं दूधही आतच अडून राहतं."



"पण सिस्टर, वैजू अंगानं बारीक आहे. आई म्हणते, एवढ्याशात काय मावणार?"

"बाहेरचा आकार चरबीचा असतो. कारखाना सगळ्यांचा सारखाच."

हे सगळं मी त्या रात्री घरी जाऊन सांगायचं ठरवलं. जेवताना दोन वेळा घसा साफ केला.

"आई, ते बाळाला पाजताना..."

"काय?"

"नुसतं टोक द्यायचं नसतं म्हणे. तोंड मोठं उघडू द्यायचं आणि भोवतीचा काळा भाग..."

आईच्या हातातली भाकरी हवेतच थांबली. आत वैजूनं पदर तोंडात कोंबला, हसू दाबायला का रडू दाबायला, ते कळलं नाही.

"मुकुंदा," आई म्हणाली, "बायांच्या गोष्टीत तोंड घालाया लाज न्हाई वाटत? जेव गप."

मी गप जेवलो. भिंतीवर सहा फूट काढत होतो आणि घरात सहा शब्द निघत नव्हते.

रविवारी एक अडचण आली. निरोपाचा बाण कागदाच्या वरच्या कडेला जाऊन संपत होता. मी तो तसाच भिंतीवर काढल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हा आभाळात चाललाय. वर बाईचं डोकं काढा, म्हणजे लोकांना कळेल. मांडीवर बाळही घ्या."

त्या लसीकरणाला शेजारच्या वस्तीवर गेल्या आणि मी डोकं काढायला घेतलं. उजेड कमी होत आला होता, म्हणून भराभर हात चालवला. लांबट चेहरा, मोठं कुंकू, ठसठशीत नथ, हनुवटीवर गोंदण, डोक्यावरून पदर. हात कसा आपोआप चालला! मेंदूपर्यंत बाण नेला, खाली दोन बाण परत आणले, बाळ काढलं, आणि सवयीनं कोपऱ्यात 'मुकुंद आर्ट्स' लिहून घरी गेलो. एवढं समाधान मला कुठल्या मारुतीनंही दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊला सिस्टरनी गावातल्या बायांना बोलावलं होतं. पंधरावीस आल्या. थांब्यावरचे पुरुष महादेव बघायला आले, ते पन्नास तरी होते. मी ताडपत्री सोडली.

मग गर्दीतून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "आरं, ह्या तर वहिनीसाहेब!"

मी वर बघितलं. खरंच त्याच होत्या.

आमच्या गावचं सरपंचपद त्या वेळी बायकांसाठी राखीव होतं. इंदुमतीबाई निवडून आल्या होत्या, म्हणजे त्यांचे मालक उत्तमराव निवडून आले होते आणि सही बाई करत होत्या. ग्रामसभेत बाई डोक्यावर पदर घेऊन बसायच्या आणि बोलायचे उत्तमराव. त्या निवडणुकीत बाईंचा चेहरा गावातल्या चाळीस भिंतींवर कोणी काढला होता? मी. चाळीस वेळा! तोच लांबट चेहरा, तेच कुंकू, तेच गोंदण. माझ्या हाताला बाईचा दुसरा चेहराच येत नव्हता. आणि आता एस.टी. थांब्यासमोर खुद्द सरपंचबाई, सहा फूट, आतल्या नळ्यांसकट, खाली माझ्या सहीनिशी.

"पेंटर," सिस्टर पुटपुटल्या, "हे काय केलंत हो?"

पळावं म्हटलं तर वाट नव्हती. कोणीतरी सायकल मारत गेलं आणि पाच मिनिटांत उत्तमराव आले. बनियनवरच आले. भिंत बघितली. ते लाल झाले, मग काळे पडले, मग त्यांना आवाज फुटला.

"चुना आणा! आत्ताच्या आत्ता! आन त्या मुकुंद्याला धरा! भितीवर न्हाई, त्याच्या थोबाडावर चुना फासतो मी!"

"उत्तमराव, माझं ऐका, चुकून—"

"चुकून? चुकून माझी बायको काढतोस?"

दोघांनी मला धरलं. चुन्याची बादली आली. सिस्टर मध्ये उभ्या राहिल्या, "सरकारी भिंत आहे, हात लावू नका" म्हणायला लागल्या, पण त्यांचं ऐकतो कोण? मला माझ्या थोबाडाची पर्वा नव्हती. माझ्या डोक्यात एकच, की गर्दीच्या मागे माझी आई उभी होती. बोभाटा ऐकून आली होती. तिनं ही भिंत बघावी म्हणून मी दोन दिवस मरमर केली होती, आणि ती डोळ्यांदेखत पुसली जाणार होती.

"थांबा."

आवाज कोणाचा ते आधी कोणाला कळेना, कारण तो कोणी ऐकलेलाच नव्हता. गर्दी फाकली. इंदुमतीबाई आल्या होत्या. पदर डोक्यावर, पण मान वर. त्या थेट भिंतीपाशी गेल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"तू घरी जा," उत्तमराव म्हणाले. "मी बघतो."

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "सिस्टर, ह्ये काय हाय? नीट सांगा."

सिस्टरचा आवाज आधी कापत होता, पण बोट द्राक्षांच्या घडावर ठेवल्यावर सुधारला. त्यांनी सगळं सांगितलं. दूध कुठं बनतं, कसं येतं, निरोप कसा जातो, हुकूम कसा सुटतो. बाया पुढं सरकल्या, पुरुष जमिनीकडे बघायला लागले. माझ्या दंडावरची पकड ढिली झाली, कारण धरणारेही ऐकत होते.

"कळलं," इंदुमतीबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी डोळे मिटून घेतले.

"मुकुंदा, नथ उजवीकडं काढलीयास. डावीकडं असतीया. तेवढी नीट कर. चुना लागायचा न्हाई."

"अगं पण गाव बघतंय!" उत्तमराव ओरडले.

"निवडणुकीला चाळीस भितींवर त्वांड लावलंत, तवा गाव बघत नव्हतं? तवा मला इचारलं हुतं का?"

"ते येगळं! तवा नुसतं त्वांड हुतं!"

"आन हे काय हाय?" त्यांनी भिंतीवर थाप मारली. "तुमचीच तीन पोरं ह्याच्यावर वाढलीत. तवा बरं चाललं हुतं."

मागून कोणीतरी फिस्कन हसलं, आणि मग सगळ्या बाया हसायला लागल्या. उत्तमरावांना बादली घेऊन उभं राहावं का ठेवावी, तेही कळेना. शेवटी त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि निघून गेले. त्या दिवसापासून ग्रामसभेत बाई स्वतः बोलायला लागल्या. मग त्या थांबेचनात, हा वेगळा विषय.

हसणं ओसरलं तेव्हा गर्दीतून माझी आई पुढं आली. सिस्टरकडे न बघता तिनं इंदुमतीबाईंना विचारलं, "वहिनीसाब, आन पाणचट असलं तर?"

इंदुमतीबाईंनी सिस्टरकडे बोट केलं. "तिला इचारा. शिकलीया ती."

आईला नाइलाजानं वळावं लागलं.

"पाणचट कुणाचंच नसतं, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "सुरुवातीला येतं ते पातळ असतं, बाळाची तहान भागवायला. मग दाट येतं. आणि कमी वाटलं तर जास्त वेळा पाजायचं. बोंडलं बंद. वैजूला कोणी रागवायचं नाही. बास."

आईनं पदर कमरेला खोचला आणि ती घराकडे निघाली. मी नथ तशीच टाकून मागे पळालो.

घरी पोचलो तर खोलीचं दार आतून लावलेलं. "तू भाईर बस," आई आतून ओरडली. मी ओट्यावर बसलो. तिचा आवाज अख्ख्या आळीत जात होता.

"नुसतं टोक नगं देऊ गं! त्वांड मोठं उघडू दे! काळा भाग समदा आत गेला पायजे! तिथनं निरोप जातो वर!"

"कुठं जातो, आत्याबाई?"

"मेंदूला! गप बस, घाबरू नगं, घाबरलीस की हुकूम सुटत न्हाई!"

मी ओट्यावर बसून खो खो हसलो आणि हसता हसता माझे डोळे गळायला लागले. परवा मला गप जेव म्हणणारी ही बाई! दोन दिवस तिनं वैजूच्या खोलीत कोणाला फिरकू दिलं नाही. दर दीड-दोन तासांनी पाजणं, रात्रीसुद्धा. मंगळवारी दुपारी पाजताना पोराच्या तोंडाच्या कडेनं दूध ओघळलं, तर आई ते बघायला शेजारणींना बोलवायला निघाली होती. वैजूनं हात जोडून थांबवलं.

बुधवारी सिस्टर काटा घेऊन आल्या. आईनं त्यांना हाताला धरून आत नेलं. झोळीत पोर घातलं. काट्याची सुई हलत होती, आणि वैजू, आई आणि मी, तिघंही तिच्याकडे बघत होतो.

"दोन किलो चारशे साठ," सिस्टर म्हणाल्या.

वैजू मटकन खाली बसली. आईनं सिस्टरच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "तुजं बी लगीन होईल हो चांगलं." सिस्टर म्हणाल्या, मी त्यासाठी आले नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी मी भिंतीवर खालची अक्षरं लिहीत होतो. 'पहिले सहा महिने फक्त आईचे दूध.' थांबा रिकामा होता. आई आली. डाळ दळायला निघाले होते म्हणाली, पण हातात डबा नव्हता. माझ्या मागे उभी राहून ती चित्र बघत राहिली. मग तिनं बोट नेऊन एका घडावर ठेवलं आणि नळीवरून हळूहळू पुढं आणलं.

"खालची अक्षरं ओली आहेत, आई."

"मुकुंदा, ह्ये समद्या बायांत असतं?"

"सगळ्यांत."

"बारक्या अंगाची असली तरी?"

"तरी. सिस्टर म्हणतात, कारखाना सारखाच असतो."

मी 'दूध' मधला 'ध' पुरा केला.

"तुज्या वक्ताला," आई म्हणाली, "माजी चोळी भिजायची रं. सारखी भिजायची. सासू म्हणली, पाणी हाय त्ये, तुज्यात दूध न्हाई. मला काय ठावं! सतरा वरसांची मी. पंधराव्या दिशी तुला माज्याकडनं घेतला आन जावेच्या पदराखाली दिला. तू रडायचास, मी भिताडाकडं त्वांड करून चोळी पिळायची."

मी ब्रश डब्यात ठेवला. हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणी मी काकूला आई म्हणायचो आणि आईला नावानं हाक मारायचो, याची घरात नेहमी थट्टा व्हायची. आईही हसायची.

"मुकुंदा," ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "मंग त्ये दूधच हुतं म्हणायचं?"

"होय, आई. दूधच होतं."

तिनं वळून माझ्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला.

"मुडद्या, एकतीस वरसांनी सांगतोस व्हय रं!"

आणि तिथंच, एस.टी. थांब्यासमोर, रस्त्यानं कोण येतंय कोण जातंय याची फिकीर न करता, माझं डोकं छातीशी ओढून ती मोठ्यानं रडायला लागली.